खडपावरची लाट

मालवणात सूर्य समुद्रात बुडतो, समुद्रातून उगवत नाही. हे दांडीच्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. उगवतो तो मागून, सह्याद्रीकडून, आणि माडांच्या झावळ्या ओलांडून चांगला वर आल्याशिवाय किनाऱ्यावरच्या माणसाला तोंड दाखवत नाही. असं असताना बाजारपेठेतल्या ‘गुरुप्रसाद फोटो स्टुडिओ’चा मालक गुरुदास तांडेल फोनवर कोल्हापूरच्या मिरजकरांना म्हणाला, “हो, देतो की! समुद्रातून उगवणारा सूर्य आणि त्याच्यापुढे फुटणारी लाट. दिवाळीच्या खूप आधी देतो.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरं काय!

मिरजकरांचा छापखाना होता आणि दरवर्षी ते कॅलेंडर काढत. या खेपेला त्यांना कोकणचा समुद्र हवा होता. घाटावरच्या माणसाला समुद्र म्हणजे सगळीकडून सारखाच. त्यात सूर्य कुठल्या बाजूने येतो हे तो कशाला विचारील? गुरुदासला त्यांना खरं सांगता आलं असतं. पण मिरजकर बोलता बोलता म्हणून गेले, “फोटोखाली तुमचं नाव छापू हं.” आणि त्या नावानं घात केला. गुरुदासनं आजवर पासपोर्टचे फोटो काढले, लग्नं काढली, शाळेतल्या रांगाच्या रांगा काढल्या, चतुर्थीला घरोघरचे गणपती काढले. पण त्याचं नाव कशाखाली छापून आलं नव्हतं.

त्याची बायको शर्मिला आतून ऐकत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली. “अवो, समुद्रातसून सूर्य खंयसून आणतल्यात तुमी? फोटो उलटो टांगून?”

“बघूया,” गुरुदास म्हणाला.

“त्यापरास सांजचो फोटो धाडून देवा. घाटार कोणाक कळता?”

घाटावर कळलं नसतं, हे खरं. पण तेच कॅलेंडर मालवणातही घरोघर लागलं असतं. संध्याकाळचा उजेड आणि सकाळचा उजेड यांतला फरक इथल्या मासळीवाल्या बायका टोपली न उतरवता सांगतात. खाली ‘सूर्योदय’ आणि त्याच्याखाली ‘गुरुदास तांडेल’ असं छापून आलं असतं, तर त्याला मासळीबाजारातून फिरायची सोय उरली नसती.

मुळात हा माणूस एका जागी बसणारा नव्हता. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून “हलू नका” म्हणायचा आणि स्वतः मात्र या पायावरून त्या पायावर करत राहायचा. आता तर त्याला घरात बसवेना की दुकानात. पहाटे उठायचा आणि कॅमेरा गळ्यात अडकवून किनाऱ्याला जायचा. पुढे अंधारलेला समुद्र, पाठीमागे फटफटलेलं. हवं ते सगळं चुकीच्या बाजूला! धक्क्यावर जाऊन पाहिलं, देवबागला खाडीच्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथं सूर्य पाण्यावर आला, पण लाट कुठली? खाडीचं पाणी मेल्यासारखं पडलेलं. परत येताना त्याला कळून चुकलं, की सूर्य आणि लाट एका चौकटीत बसवायची तर लाटेच्या पलीकडे जायला हवं. म्हणजे समुद्रात. म्हणजे होडीतून. म्हणजे बाबलीकडे.

बाबली त्याचा थोरला भाऊ. बापाची होडी तोच चालवायचा, एकट्याच्या जिवावर. कारण गुरुदासला दर्या मानवत नव्हता. दर्यावर जगणाऱ्या गाबिताच्या घरात जन्म घेतला आणि होडीत पाय ठेवला की पोटातलं बाहेर! लहानपणी बापानं दोन मोसम त्याला रेटून नेलं आणि मग हात जोडले. मासेमाऱ्यांच्या वाड्यात त्याची चेष्टा व्हायची, पण बाबलीनं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. गुरुदासला तेच जास्त लागायचं. त्यानं भावाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

तो गेला तेव्हा बाबली अंगणात जाळं विणत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हसेल असं गुरुदासला वाटलं होतं, तर त्याचे डोळे चमकले.

“किल्ल्याच्या भायर ता पाण्यातल्या कातळाचा खडप आसा मां, थंय चल,” बाबली म्हणाला. “होडी खाली बसली आणि फुड्यात लाट उठली काय, मालवण बुडता. माड नाय, घरा नाय. नुसता पाणी नि त्येच्यार सूर्य.”

“खरा?”

“मगे? रोज बघतंय मी. पण जवळ जावक व्हया. नको तितक्या जवळ.” मग जाळ्यातली सुई तशीच ठेवून त्यानं विचारलं, “कॅलेंडरात येतलो फोटो? आपल्या आडनावान?”

“येतलो.”

“मगे जावया.”

बाबलीची बायको शेवंती दारातून म्हणाली, “ता खडप बरा नाय. तुमी दोगांय खुळे झाल्यात काय?” पण तिचं कोण ऐकतो! भावानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि बाबलीला तेवढ्यानं आकाश ठेंगणं झालं होतं.

पुढचे कितीतरी दिवस आभाळानं छळलं. पहाटे धक्क्यावर जावं तर पूर्वेला ढगांची भिंत. बाबली आकाशाकडे बघायचा, मान हलवायचा आणि आपला मासळीच्या मागे जायचा. गुरुदास धक्क्यावर येरझारा घालत राहायचा. मिरजकरांचे फोन सुरू झाले. “झालं का?” “होतंय, होतंय.” जेवताना त्याचं लक्ष आभाळाकडे, अंगावर कालवण सांडलं तरी कळायचं नाही. शर्मिलानं सांगून टाकलं, “एकदाचो काय तो फोटो काढा आणि माका सुटका द्या.”

आणि मग एका पहाटे आभाळ धुतल्यासारखं निघालं. जमिनीवरून थंड मतलई वारा सुटलेला. बाबलीनं होडी काढली. किल्ल्याला वळसा घालून बाहेर पडेपर्यंत गुरुदासनं निम्मं रीळ संपवलं होतं. अंधुक बगळे काढले, ढगाची किनार काढली, बाबलीची पाठ काढली. खटक्यावरचं बोट गप्प राहील तर शपथ! किल्ल्याच्या बाहेर समुद्र अंगाखाली जड हलू लागला आणि तो कडेवर वाकून ओकला.

“बरा झाला, भायर पडला,” बाबली म्हणाला. “आता बस.”

खडप अजून दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. बाबलीनं होडीचं तोंड समुद्राकडे केलं, तिथंच नांगर टाकला आणि दोर सोडत सोडत होडी पाठमोरी खडपाच्या दिशेनं नेली. दोराला पुढच्या खुंट्याभोवती एक वेढा देऊन त्याचं टोक त्यानं मागच्या बाजूला बसलेल्या गुरुदासच्या हातात दिलं.

“ह्या धर. लाट येता तेवा घट धर, गेली काय इल्लो ढिलो सोड. माजे दोनय हात वल्ह्यार आसत. वल्हा सोडलंय तर होडी आडवी होतली. समाजला मां?”

“समाजला.”

“दोर सुटलो तर आपण खडपार.”

“समाजला रे, दादा!”

सूर्य यायच्या आत रीळ संपलं. गुरुदासनं दोर पायाच्या अंगठ्यात धरला आणि थरथरत्या हातांनी दुसरं रीळ भरलं. तोंडात आंबट, डोळ्यांत पाणी, होडी वरखाली. झाकण लावलं, कळ पुढे सरकवली. खट आवाज आला. झालं.

सह्याद्रीच्या धारेवरून सूर्य आला. पहिल्या दोन-तीन लाटा त्यानं एका हातानं दोर धरून, एका हातानं कॅमेरा सावरून घेतल्या. जमेना. लेन्स फिरवायला दुसरा हात हवा होता. लाट नेमकी दिसायची तेव्हाच भिंगात ती धूसर, आणि स्पष्ट होईपर्यंत फुटून गेलेली. तो चरफडला. “दादा, अजून इल्ली जवळ!”

“बरी आसा हयच.”

“इल्लीशीच!”

बाबलीनं गुरुदासच्या खांद्यावरून खडपाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. “दोर सोड दोन हात,” तो म्हणाला. गुरुदासनं तेवढा दोर सोडला. होडी मागे सरकली.

मग ती आली. त्यांच्या खालूनच गेली. तिनं होडी उचलली, खाली ठेवली, आणि ती लाट पुढे खडपावर जाऊन उभी राहिली. मालवण बुडालं. माड नाहीत, घरं नाहीत. लाटेच्या अंगातून सूर्य आरपार आला आणि वाऱ्यानं तिचा तुरा मागे, त्यांच्या तोंडावर उडवला. गुरुदासनं दोर मांडीखाली दाबला आणि दोन्ही हातांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

दोर सरसरत गेला तेव्हा मांडी पोळल्याचंही त्याला कळलं नाही. कळलं ते बाबलीच्या ओरडण्यानं. बाबलीनं वल्ही टाकली होती, पाठ फिरवून खुंट्यावर झेप घेतली होती आणि पळत्या दोरावर उजवा हात घातला होता. दोर थांबला. होडीही थांबली, मागे काळी खडपं पाण्यातून वर येत होती, आत जात होती. बाबलीचा हात दोर आणि खुंटा यांच्यामध्ये अडकला होता. गुरुदासनं कॅमेरा सोडला आणि दोर ओढायला धावला. नंतरचं त्याला नीट आठवत नव्हतं. वल्ही त्यानं मारली, एवढं खरं. आणि परतीच्या वाटेवर, आयुष्यात पहिल्यांदा, होडीत त्याला ओकारी आली नाही.

सरकारी दवाखान्यात बाबलीच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं काढावी लागली.

दवाखान्यात अर्धा वाडा जमला. काय झालं, कसं झालं? गुरुदासच्या तोंडून शब्द फुटायच्या आत खाटेवरून बाबली बोलला, “गुरूक ओकारी इली. दोर सुटलो. त्येचो काय दोष? त्येका दर्या मानवणाच नाय.”

सगळ्यांनी मान हलवली. वाड्याला ते पटलं. वर्षानुवर्षं ऐकलेलीच गोष्ट ती. दोघा-तिघांनी तर गुरुदासच्या पाठीवर हात ठेवला. शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. “नाही, माझे हात कॅमेऱ्यावर होते,” एवढं गुरुदासला सांगायचं होतं. पण भावानं पांघरूण घातलं होतं, ते ओढून फेकायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. आणि मुळात ते पांघरूण होतं की बाबलीला खरंच तसं वाटत होतं? गुरुदासची तर पाठ बाबलीकडे होती! हेही त्याला कळेना, आणि विचारावं कसं?

कॅमेरा त्यानं कपाटात ठेवून दिला, रिळासकट. त्या रिळात काय आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. खटका दाबलेला त्याला स्पष्ट आठवत होता. फोटो आला, तर लाट त्यात स्वच्छ, थेंब न् थेंब मोजता येईल अशी येणार. आणि तसा फोटो ओकणाऱ्या माणसाला काढता येत नाही, एका हातानंही काढता येत नाही. हे कळायला फोटोग्राफर असावं लागत नाही. कॅलेंडर घरोघर लागणार आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हणणार, मग दोर कुणाच्या हातात होता?

खाई त्याला खवखवे. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो कपाटाला पाठ लावून उभा राहायचा, जणू आतून कुणी बाहेर येईल. एका नवरदेवाचे फोटो त्यानं मान कापून काढले. घरी आला की अंगणात, अंगणातून परत घरात. शर्मिला म्हणाली, “भावजींचो हात बरो होतलो वो. किती जीवाक लावन घेतल्यात?” तिला सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. मिरजकरांचा फोन वाजला की तो स्वतः घ्यायचा नाही. “घराक नाय म्हणान सांग.” मनात त्यानं दोनदा ठरवलं, की रीळ उजेडात उघडायचं आणि मोकळं व्हायचं. दोन्ही वेळा कपाटाला हात लावून मागे आला. दोन बोटं घेऊन आलेला फोटो जाळायचा, म्हणजे आणखी एक पाप.

इकडे बाबली घरी आला आणि पांढऱ्या पट्टीचा हात छातीशी धरून गावभर हिंडू लागला. काम करता येत नव्हतं, मग माणूस बोलणारच. धक्क्यावर, मासळीबाजारात, चहाच्या टपरीवर एकच विषय. “अशी लाट उठली! तसो सूर्य! कॅलेंडर येतला बघा. माजी बोटा गेली ती कशापायी गेली, ता सगळ्यांका दिसतला.” लोक गुरुदासला थांबवून विचारू लागले, “कधी येता रे कॅलेंडर?” गुरुदासला जमिनीनं पोटात घ्यावं असं व्हायचं.

शेवटी एका सकाळी बाबलीच दुकानात आला. अंगात धुतलेला सदरा, हजामत केलेली.

“मिरजकरांचो फोन माज्याकडे इल्लो, शेजारच्या दुकानात. तू घेणस नाय म्हणान शोधून काढल्यानी,” तो म्हणाला. “रीळ खंय आसा?”

“आसा.”

“आजच्या कोल्हापूरच्या गाडीन धाड. फोंडाघाटातसून सांजेक पोचतला. मी स्वता कंडक्टराच्या हातात देतंय. काढ.”

“उद्या—”

“काढ रे! माज्या फुड्यात काढ.”

आता पळायला वाट नव्हती. गुरुदासनं कपाट उघडलं, कॅमेरा काढला आणि रीळ परत गुंडाळायचं हँडल उचललं. एरवी हँडल फिरवताना बोटांना ओढ लागते, आतलं रीळ जड येतं. हे बोट लावताच सैल फिरलं. त्यानं पुन्हा जरासं फिरवलं. आत काही नसल्यासारखं हलकं.

त्यानं झाकण उघडलं. रिळाची जीभ जिथं ठेवली होती तिथंच होती, खाचेत न अडकता, बाजूला वाकून बसलेली. त्या दिवशी होडीत, थरथरत्या हातानं, ती अडकलीच नव्हती. खटका वाजत राहिला, कळ सरकत राहिली आणि रीळ तसूभर हललं नव्हतं. सगळे फोटो हवेत काढले होते.

सुटलो! पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हेच, आणि ते आल्याबरोबर त्याला स्वतःची किळस आली.

“काय झाला?” बाबलीनं विचारलं.

“दादा, रीळ अडाकलाच नाय. कोराच आसा.”

“म्हंजे फोटो?”

“नाय.”

“एकय नाय?”

“नाय.”

बाबली त्या उघड्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग गिऱ्हाइकांच्या स्टुलावर, मागच्या रंगवलेल्या सरोवराच्या पडद्यापुढे, तो मटकन बसला. दवाखान्यात बोटं काढली तेव्हाही ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, त्या माणसाचे डोळे भरले होते.

“परत जावया, दादा,” गुरुदास घाईघाईनं म्हणाला. “तुजो हात बरो झालो काय—”

“गप रे!” बाबली ओरडला. बाजूच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. “दोर सोडलंस ता सोडलंस. माका म्हायत आसा. वल्ह्यार बसान तुज्याकडेच बघी होतंय मी. तुजे दोनय हात कॅमेऱ्यार गेले ते दिसले माका. दोर धरूक वळलंय ता त्येच्यापायीच. तेवाच म्हटलंय, जावंदे, बोटा जातत तर जावंदे, फोटो तरी येतलो. मगे फोटो तरी काढूचो होतंस रे, मेल्या!”

गुरुदासला वाटलं, यापेक्षा त्यानं उठून थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडले. बाबलीनं त्याच्या हातांकडे पाहिलंही नाही. तो आपल्या पट्टीवरचा सुटलेला धागा ओढत राहिला.

“माका ती लाट दिसलीच नाय,” तो मग हळू आवाजात म्हणाला. “माजी पाठ फिरली होती. सगळ्यांका सांगीत फिरलंय, अशी होती नि तशी होती. पण मी खंय बघलंय? फोटोत बघूया म्हटलंय.” त्यानं डोळे पुसले आणि स्टूल पुढे ओढलं. “तू बघलंस मां? मगे सांग. काय दिसला तुका?”

गुरुदासनं तोंड उघडलं. इतके दिवस त्याच्या डोक्यात जे घोळत होतं, तेच पहिलं बाहेर पडलं. “दोर मी मांडयेखाली दाबलंय, दादा, आणि—”

“ता म्हायत आसा,” बाबली म्हणाला. “फुडे सांग.”